हेलसिंकी ते टोक्यो : अंतर ७,८०० किलोमीटर, मग १३ तास कसे?

निळीशाई

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आईला घेऊन हेलसिंकीहून टोक्योला जायचं आहे. आई ७४ वर्षांची. एवढा लांबचा पल्ला ती पहिल्यांदाच एका दमात गाठणार, म्हणून तिला नेमकं किती तास बसावं लागेल ते काढायला बसले आणि पार गोंधळून गेले.

दोन शहरांमधलं हवाई अंतर सगळीकडे साधारण ७,८०० किमी दाखवतात. विमान ताशी ९०० किमी धरलं तर भागाकार येतो ८ तास ४० मिनिटं. तिकिटावर मात्र संध्याकाळी ५:४५ ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२:४५ ला पोहोचणार असं आहे, म्हणजे १९ तास! येताना रात्री १० ला निघायचं आणि पहाटे ५ ला उतरायचं, म्हणजे ७ तास. आणि तिकीट काढून देणारा म्हणतो, "ताई, १३ तास धरून चाला."

चार आकडे झाले. यातला खरा कुठला? नुसतं कुतूहल नाही, आईची एक गोळी बरोबर १२ तासांनी घ्यावी लागते आणि ती चुकवून चालत नाही. म्हणून जीव टांगणीला लागलाय.

भूमिती

निळीशाई, १९ आणि ७ हे आकडे दोन वेगवेगळ्या घड्याळांची वजाबाकी आहे. निघतानाची वेळ हेलसिंकीची, पोहोचतानाची टोक्योची. टोक्यो उन्हाळ्यात हेलसिंकीच्या ६ तास पुढे असतं, हिवाळ्यात ७. (जपान घड्याळं पुढेमागे करत नाही, फिनलंड करतं.)

तर जाताना १९ - ६ = १३. येताना ७ + ६ = १३. तिकीटवाला बरोबर आहे.

एक युक्ती देते, वेळेतला फरक माहीत नसला तरी चालते. जाण्याची आणि येण्याची घड्याळी वजाबाकी मिळवून निम्मी करा : (१९ + ७) ÷ २ = १३. हा सरासरी प्रवास. आणि दोन्हींतला फरक निम्मा करा : (१९ - ७) ÷ २ = ६. हा वेळेतला फरक, मात्र जायला आणि यायला सारखाच वेळ लागत असेल तर. कुठल्याही दोन शहरांचं परतीचं तिकीट घेऊन बघा.

पतंग

भूमितीताई, ही युक्ती आजच वहीत लिहून ठेवली. __/\__

प्रश्नचिन्ह

पण मूळ प्रश्न राहिलाच की. ७,८०० किमीला १३ तास म्हणजे ताशी ६०० किमी. एवढं हळू कोण उडवतं? इंधन वाचवतात का?

खिडकीकडची_जागा

प्रश्नचिन्ह, विमान हळू जात नाही, लांबून जातं. फेब्रुवारी २०२२ पासून रशियाचं आकाश युरोपातल्या बहुतेक विमानकंपन्यांना बंद आहे. हेलसिंकी ते टोक्यो हा जवळचा रस्ता जवळपास अख्खा रशियावरून जातो. त्याआधी हाच प्रवास साडेनऊ तासांत व्हायचा. मी स्वतः २०१८ मध्ये केलाय. सायबेरियावरून जाताना तासन् तास खाली एकही दिवा दिसला नव्हता, फक्त गोठलेल्या नद्यांची वळणं.

जुना_ॲटलास

इथे एक गोष्ट करून बघाच. भिंतीवरचा नकाशा बाजूला ठेवा. त्यावर हेलसिंकीपासून टोक्योपर्यंत पट्टीने रेघ मारली तर ती आग्नेयेकडे उतरत जाते, आणि आपल्याला वाटतं तोच जवळचा रस्ता.

आता पृथ्वीचा गोल घ्या आणि शिवणाचा दोरा. एक टोक हेलसिंकीवर अंगठ्याने दाबा, दुसरं टोक्योवर, आणि दोरा ताणा. ढिला असताना तो मध्य आशियावरून लोंबत असतो. ताणत गेलात की आपोआप वर सरकतो आणि उत्तर सायबेरियावर जाऊन घट्ट बसतो. माझ्याकडचा गोल ३० सेंटीमीटर व्यासाचा आहे, त्यावर दोरा साडेअठरा सेंटीमीटरच्या आत भरला. अशा गोलावर एक सेंटीमीटर म्हणजे सुमारे ४२५ किमी. करा गुणाकार, ७,८०० च्या आसपास येतो की नाही बघा.

या ताणलेल्या दोऱ्याला बृहद्वृत्त म्हणतात. इंटरनेटवर दोन शहरांतलं अंतर म्हणून दाखवतात ते हेच. विमान प्रत्यक्षात कुठून जातं याच्याशी त्या आकड्याचा काही संबंध नसतो.

भूमिती

ॲटलासकाका, दोरा सुंदर! त्यात भर घालते. या रस्त्याने जायचं तर हेलसिंकीहून निघताना विमानाचं तोंड ईशान्येला असतं, टोक्यो दक्षिणेला असूनही. हेलसिंकी ६० अंश उत्तर अक्षांशावर, टोक्यो ३५-३६ वर. मधे रस्ता ६७ अंशांच्या वर चढतो, म्हणजे उत्तर ध्रुववृत्त ओलांडून मग खाली उतरतो. त्रिकोणमिती येत असेल तर पंधरा मिनिटांत काढता येतं, गोल पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी धरायची.

मुक्ता_न

वाचतेय. मस्त धागा.

प्रश्नचिन्ह

बरं, मग रशिया टाळून नेमकं जातात कुठून? आणि आणखी एक लहानपणापासूनचा प्रश्न विचारून घेतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते ना? मग विमान वर जाऊन थांबलं तर टोक्यो आपोआप खाली येणार नाही का?

निवृत्त_डिस्पॅचर

प्रश्नचिन्ह, दुसऱ्याचं आधी. विषुववृत्तावर जमीन ताशी १,६७० किमी वेगाने पूर्वेकडे जाते आणि हवाही तिच्याबरोबर जाते. विमान उभं असतानाच त्याच्यात तो वेग असतो, उडाल्यावरही राहतो. धावत्या गाडीत चेंडू सरळ वर उडवला तर तो हातातच परत येतो, तसंच. हवा जर मागे राहत असती तर जमिनीवर उभं राहणंही अशक्य झालं असतं.

आता पहिलं. माझी बरीच वर्षं फ्लाइट प्लॅन बनवण्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. रशिया वगळला की दोन वाटा उरतात.

दक्षिणेची : बाल्टिकवरून खाली, पूर्व युरोप, काळा समुद्र, तुर्कस्तान, कॉकेशस, कॅस्पियन समुद्र, कझाकस्तान, चीन, कोरिया, जपान.

उत्तरेची : नॉर्वेच्या बाजूने वर, उत्तर ध्रुवाजवळून पलीकडे, अलास्काची बाजू, बेरिंग सामुद्रधुनी आणि मग पॅसिफिकवरून जपान.

रोज कुठली घ्यायची ते वारा ठरवतो. दुपारी वाऱ्याचा अंदाज आला की दोन्ही वाटांचे प्लॅन शेजारी शेजारी लावायचे आणि किलोमीटर नाही, मिनिटं आणि इंधन बघायचं. वाट ४०० किमीने लांब पण २० मिनिटांनी लवकर, असं कितीदा तरी पाहिलंय. आमच्या खोलीत अंतर कोणी विचारायचंच नाही. "किती वेळ आणि किती टन?" एवढंच.

जुना_ॲटलास

डिस्पॅचरसाहेबांचं वाचून लगेच दोरा काढला. हेलसिंकी ते ध्रुव, ध्रुव ते बेरिंग सामुद्रधुनी, तिथून टोक्यो. एकूण २५ सेंटीमीटर, म्हणजे सुमारे १०,६०० किमी. थेट रस्त्यापेक्षा २,८०० किमी जास्त, आणि तेही अगदी घट्ट ताणून.

निवृत्त_डिस्पॅचर

बरोबर, आणि प्रत्यक्षात त्याहून जास्तच होतं. तुमचा दोरा बेरिंग सामुद्रधुनीपाशी रशियाच्या हद्दीला घासतो, रशियाच्या कामचाटका द्वीपकल्पापाशी तर सरळ आत शिरतो. तिथे बाहेरून वळसा घ्यावा लागतो.

सांजवात

म्हणजे पूर्वी साडेनऊ तास आणि आता १३. आपण पुढे चाललो की मागे?

जुना_ॲटलास

सांजवात, हे पहिल्यांदा होत नाहीये. सोव्हिएत काळात हाच भाग बंद होता. १९५७ मध्ये स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने कोपनहेगन ते टोक्यो सेवा ध्रुवप्रदेशावरून सुरू केली, मधे अलास्कातल्या अँकरेजला इंधनासाठी थांबून. कित्येक वर्षं युरोप-जपान म्हटलं की अँकरेज आलंच. मग १९८३ मध्ये फिनलंडच्या फिनएअरने हेलसिंकी-टोक्यो विनाथांबा चालू केली, डीसी-१० विमानाने, उत्तर ध्रुवावरून, सोव्हिएत हद्द टाळून. तेव्हाही १३ तासांच्या आसपासच लागायचे!

आणि आकाशाची हद्द ही साधी गोष्ट नव्हे. त्याच वर्षी १ सप्टेंबरला अँकरेजहून सोलला निघालेलं कोरियन एअर लाइन्सचं ००७ हे विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत गेलं आणि पाडलं गेलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर अमेरिकेने जीपीएस नागरी वापरासाठी खुलं करण्याची घोषणा केली. आज आपल्या फोनमधला निळा ठिपका बघताना मला दर वेळी ते विमान आठवतं.

मुक्ता_न

हे माहीत नव्हतं. वाचून गलबलून आलं.

पतंग

वाऱ्याबद्दल कोणीतरी आणखी लिहा ना. जाताना वारा पाठीशी असेल तर येताना तोंडावर येणार. मग हिशेब बरोबरीत सुटत नाही का?

भूमिती

नाही सुटत, पतंग! हे माझं आवडतं गणित आहे. अंतर ७,८०० किमी, विमानाचा वेग ९००, वारा १०० धर. पाठवाऱ्याने ताशी १,००० म्हणजे ७.८ तास. समोरच्या वाऱ्यात ८०० म्हणजे ९.७५ तास. एकूण १७.५५. वारा नसता तर १७.३३. समोरच्या वाऱ्यात जास्त वेळ काढावा लागतो, म्हणून तोटा नेहमी नफ्यापेक्षा मोठा. वारा जेवढा जोरात तेवढा हा फरक वाढतो.

निवृत्त_डिस्पॅचर

भूमितीताईंचं गणित एकाच वाटेने जाऊन-येऊन केलं तर लागू. या मार्गावरची गंमत अशी की दोन वाटा असल्यामुळे जाताना बऱ्याचदा दक्षिणेची घेतात, येताना उत्तरेची. मध्य अक्षांशांत वरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. जाताना चीन-जपानच्या बाजूला तो पाठीशी मिळतो. येताना टोक्योहून निघून पश्चिमेला वळण्याऐवजी पूर्वेलाच, अलास्काकडे जायचं, म्हणजे परत पाठीशी! नंतर ध्रुवावरून युरोपात उतरायचं. अशा फेरीत प्रवाशाची पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण होते आणि त्याला पत्ताही नसतो.

पतंग

निळीशाईताई, आईंना सांगा, पृथ्वीप्रदक्षिणेचं पुण्य तिकिटातच आलंय! :)

निळीशाई

पतंग, सांगितलं. आई म्हणाली, "मग गणपतीसारखी तुझ्याचभोवती फिरते, घरीच राहू." :)) पण हसली खूप. पहिल्यांदाच या प्रवासाबद्दल हसली.

जुना_ॲटलास

वाह, आई! अवांतर, पण इथेच शोभेल : या वरच्या वाऱ्याचा शोध आणि जपान यांचं नातं जुनं आहे. वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात तातेनो इथल्या वेधशाळेतून फुगे सोडून उंचावरचे वारे मोजले. हिवाळ्यात तिथे फार जोराचा पश्चिमी वारा असतो हे त्याला सापडलं. जगाला कळावं म्हणून अहवाल त्याने एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापला. ती भाषा वाचणारे थोडे, त्यामुळे बाहेर फार कोणाला कळलंच नाही. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून जाणारे वैमानिक जपानवर याच वाऱ्यात सापडले, तेव्हा बोलबाला झाला. आता त्याला जेट स्ट्रीम म्हणतात.

खिडकीकडची_जागा

जेट स्ट्रीम काय करू शकते याचा दाखला : फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या दिवसांत न्यूयॉर्कहून लंडनला एक प्रवासी विमान ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. जमिनीच्या हिशेबाने वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेला होता. एरवी साडेसहा-सात तासांचा प्रवास.

प्रश्नचिन्ह

१,३०० म्हणजे आवाजापेक्षा जास्त! मग धडाम आवाज नाही झाला?

निवृत्त_डिस्पॅचर

नाही. विमानाला भोवतालच्या हवेच्या मानाने किती वेग आहे ते महत्त्वाचं. तो नेहमीसारखाच, आवाजाच्या वेगाच्या ८५ टक्क्यांच्या आसपास होता. हवाच धावत होती. नदीच्या प्रवाहाबरोबर पोहणाऱ्याचे हात तेवढेच चालतात, काठ मात्र भराभर मागे पडतो.

सांजवात

मला ध्रुवावरून जाण्याची धास्ती वाटते. तिथे काही झालं तर उतरायचं कुठे? वयस्कर माणूस बरोबर असताना हा विचार करायला नको का? मी तर सांगेन, मधे कुठेतरी थांबा घेऊन, दोन टप्प्यांत जा.

निवृत्त_डिस्पॅचर

सांजवातताई, काळजी रास्त आहे, म्हणूनच नीट सांगतो. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडलं तरी ठरावीक वेळात पोहोचता येईल असा विमानतळ सतत टप्प्यात ठेवावा लागतो. एअरबसच्या ए-३५० विमानाला ३७० मिनिटांपर्यंतची मान्यता मिळालेली आहे. ध्रुवाच्या वाटेवर नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं लाँगइयरब्येन, अलास्कातलं फेअरबँक्स, अँकरेज अशी ठिकाणं हेरून ठेवलेली असतात, आणि त्या दिवशी तिथलं हवामान उतरण्याजोगं आहे का हे बघूनच विमान सुटतं.

दुसरी गोष्ट थंडी. इंधन उणे ४७ अंशांच्या आसपास गोठू लागतं आणि बाहेर उणे ६० सुद्धा असू शकतं. टाकीतलं तापमान वैमानिकासमोर सतत दिसत असतं. फार खाली जाऊ लागलं तर खाली उतरून उबदार थर गाठायचा किंवा वेग वाढवायचा. मी ड्यूटीवर असताना असा निरोप आला की भिंतीवरच्या नकाशापाशी उभाच राहायचो, तापमान दोन अंश वर आल्याचं कळेपर्यंत खुर्चीत बसवत नसे. ध्रुवाजवळ चुंबकीय होकायंत्र भरवशाचं राहत नाही, तिथे खऱ्या उत्तरेच्या हिशेबाने दिशा धरतात. हे सगळं आधीपासून ठरलेलं आणि सराव केलेलं असतं.

खिडकीकडची_जागा

सांजवातशी मीही असहमत. थांबा घेतला की सामान, परत सुरक्षा तपासणी, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर धावपळ. माझ्या वडिलांना घेऊन असंच गेलो होतो. पहिलं विमान ५० मिनिटं उशिरा, पुढचं चुकलं, आणि ते बिचारे ११ तास लोखंडी बाकावर बसून राहिले. चाकाची खुर्ची मागितली ती अडीच तासांनी आली. त्यांच्या पायाला आलेली सूज चार दिवस उतरली नव्हती. तेव्हापासून थेट विमान असेल तर थेटच.

सांजवात

तुमचं पटतंय. पण १३ तास एका जागी बसणंही पायांना वाईटच. निदान मधल्या वाटेच्या कडेची जागा घ्या, आईंना दर दीड-दोन तासांनी उठवा, पाणी देत राहा. केबिनमधली हवा फार कोरडी असते.

खिडकीकडची_जागा

हे शंभर टक्के मान्य. (माझं नाव काहीही असो, आईंना कडेचीच जागा द्या.)

मुक्ता_न

मी डॉक्टर नाही, पण माझ्या मुलाला झटके येऊ नयेत म्हणून दर १२ तासांनी गोळी असते, त्यामुळे लांबच्या प्रवासाचा हा भाग मला पाठ आहे. निळीशाई, मूळ प्रश्न तुझा तोच आहे ना?

दोन्ही शहरांची घड्याळं विसर. निघाल्यापासून किती तास झाले एवढंच मोज. एक मनगटी घड्याळ हेलसिंकीच्या वेळेवर ठेव आणि उतरेपर्यंत त्याला हात लावू नकोस. फोनवर भरवसा नको, तो जाळं मिळालं की स्वतःच वेळ बदलतो.

आईंची गोळी सकाळ-संध्याकाळ ८ ला असेल तर : विमान ५:४५ ला सुटेल, रात्रीची गोळी सव्वादोन तासांनी विमानातच. उतराल तेव्हा मनगटावर सकाळचे पावणेसात असतील. पुढची गोळी त्यानंतर सव्वा तासाने, म्हणजे बहुधा पासपोर्टच्या रांगेत! म्हणून गोळ्या आणि पाण्याची बाटली हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत अजिबात नाही. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत.

तिथे पोहोचल्यावर हीच वेळ दुपारी २ आणि पहाटे २ अशी येते. ती कशी सरकवायची हे मात्र आधीच डॉक्टरांकडून लिहून घे, स्वतः ठरवू नकोस. आणि जपानमध्ये काही औषधं न्यायला आगाऊ परवानगी लागते, तेही आत्ताच बघ.

निळीशाई

मुक्ता, हेच हवं होतं गं. पासपोर्टच्या रांगेचा विचार मी जन्मात केला नसता. उद्याच डॉक्टरांना फोन करते.

निवृत्त_डिस्पॅचर

एक भर. तिकिटावरचे १३ तास म्हणजे विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर उभं राहीपर्यंत. त्यात धावपट्टीपर्यंतचा वेळ आला, आणि वेळापत्रकात थोडी ढील ठेवलेली असते. प्रत्यक्ष हवेत त्याहून कमी. पण आईंना बसावं लागणार तो वेळ १३ पेक्षा जास्तच धरा. विमान सुटण्याआधी आत बसून अर्धा तास तरी जातो.

निळीशाई

(पाच आठवड्यांनी)

मंडळी, जाऊन आलो.

जाताना दक्षिणेची वाट होती. समोरच्या पडद्यावर कॅस्पियन समुद्र ओलांडताना ताशी ९६० दिसत होतं, चीन संपता संपता १,०७०. हवेत १२ तास २५ मिनिटं, पण आईने जागेवर बसल्यापासून उठेपर्यंत मोजलं तर १३ तास ४० मिनिटं. डिस्पॅचरकाका, तुमचा अर्धा तास अगदी तंतोतंत.

घड्याळ आईनेच मनगटावर ठेवलं होतं. जुनं, किल्लीचं. उतरल्यावर सगळे आपापली घड्याळं पुढे करत होते, ती कोणाला हात लावू देईना. पासपोर्टच्या रांगेत आमच्यापुढे साधारण चाळीस माणसं असताना तिने मनगट कानाशी नेलं, टिकटिक ऐकली, मग माझ्यापुढे धरलं. आठला दोन मिनिटं कमी. मी बाटलीचं झाकण उघडलं.

येताना उत्तरेची वाट निघाली. ध्रुवाजवळ आलो तेव्हा मी तिला उठवलं. खिडकी माझ्याकडे होती, तिला तिथे सरकवलं. खाली नुसता निळसर बर्फ आणि त्यात लांबच लांब काळ्या भेगा. पडद्यावर बाहेरचं तापमान उणे ६१. ती बराच वेळ कपाळ काचेला टेकवून बघत होती. मग विचारलं, "आता कुठल्या दिशेला चाललोय गं?"

भूमितीताई, ध्रुव ओलांडताना कुठली दिशा सांगायची?

भूमिती

अगदी ध्रुवावर असाल तर एकच दिशा असते, निळीशाई. दक्षिण.